नखांच्या पुस्तिकेचं शेवटचं पान

"मोजां पहेरीने अडशे मने? हुं कंई अछूत छुं?"

मी बोट धरताच शेठाणीबाईंनी टेबलावर ठेवलेला हात ओढून छातीशी धरला आणि हे विचारलं. हातमोजे घालून मला शिवणार? मी काय अस्पृश्य आहे? पार्लरमधल्या चार-पाच बायका हसल्या. सुरतेच्या घोडदोड रोडवरचं पार्लर, काचेचं दार, बंद खिडक्या, एसी. लग्नसराईचे दिवस. माझ्या हातांवर दवाखान्यातले पांढरे रबरी हातमोजे होते. एकावर एक, दोन जोड्या.

पार्लरच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, काउंटरवरून उठून आल्या. मला काही विचारलं नाही. माझं मनगट धरलं आणि हातमोजे सोलून काढले. दोन्ही एकदम. आतून माझी बोटं बाहेर आली. टोकं लाल, फुगलेली. नखांच्या कडेला चिरा. तर्जनीची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली. रबराला थोडं रक्त लागलं होतं.

आता कोणी हसलं नाही. शेठाणीबाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"छी. कई नातनी छे आ?"

माझी जात विचारली, पण मला नाही. मॅडमना विचारली. मी समोरच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मॅडम म्हणाल्या, मराठी आहे, शिकलेली आहे. जणू ते उत्तर होतं. शेठाणीबाईंनी पर्स उघडून रुमाल काढला आणि मी धरलेलं बोट पुसलं. हातमोज्यातून धरलेलं बोट. तेही पुसलं.

हातमोजे घातले तर त्या अस्पृश्य ठरत होत्या. काढले तर मी.

मी उठले आणि हात पदराखाली घेतले. बेचाळीस वर्षांची बाई. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. पदराखाली हात लपवून उभी.

मुलांनो, हे मी तुमच्या आईबाबांनाही कधी सांगितलं नाही. गेल्या महिन्यात तुमच्यातल्या रेवाने फोटो पाठवला. घरीच किट मागवून नखं केली, जांभळ्या दिव्याखाली हात ठेवलेला. मी 'छान' म्हणून उत्तर लिहिलं आणि फोन ठेवला. मग माझाच मला राग आला. पुन्हा तेच केलं मी. म्हणून आता बसून क्रमाने लिहिते आहे.

आपली जात तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही राहता तिकडे कोणी विचारत नाही म्हणता, बरं आहे. माझे वडील खानदेशातल्या एका गावी सफाई कामगारांचे मुकादम होते. त्यांच्या माणसांना हातमोजे कधी मिळाले नाहीत. मागितले तर हसायचे लोक. मला मात्र त्यांनी मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. म्हणायचे, हाताने करायचं काम आपल्या घरात माझ्यापाशी संपलं. हे वाक्य मी दागिन्यासारखं जपलं. लग्न होऊन सुरतेला आले. तुमचे आजोबा उधन्याच्या एका मिलच्या कचेरीत होते. मुलं मोठी झाल्यावर मी पार्लरमध्ये लागले. सुरतेत चौऱ्याण्णव साली प्लेग आला, त्यानंतर दोनेक वर्षांनी. काम फोन घ्यायचं, वेळ लिहून द्यायची, इंग्रजी बोलायचं. मी खुर्चीवर बसत होते. बाकीच्या बायका गिऱ्हाइकाच्या पायाशी, पाटावर. मला तो फरक आवडत होता. लपवत नाही.

मग मॅडम मुंबईहून नकली नखांचं किट घेऊन आल्या. पावडर, लहान बाटलीत द्रव, ब्रश, कानशी, आणि आठ पानांची इंग्रजी पुस्तिका. ब्रश द्रवात बुडवायचा, पावडरीला लावायचा, जो मऊ गोळा होतो तो नखावर पसरायचा. पाच मिनिटांत दगड. सुरतेत नवीन होतं. हिरेव्यापाऱ्यांच्या घरच्या सुना रांग लावणार होत्या. पण पुस्तिका वाचणार कोण? मॅडमनी मला बोलावलं. "आजथी तमे टीचर," म्हणाल्या, आजपासून तुम्ही टीचर. मला गुदगुल्या झाल्या.

माझी विद्यार्थिनी कमल. राहायला लिंबायतच्या कामगार वस्तीत, मूळची पारोळ्याकडची. नवरा कापडाच्या लूमवर. भुवया कोरण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बोलायची अहिराणी, गिऱ्हाइकाशी गुजराती, माझ्याशी जपून मराठी. मला ताई म्हणायची. मी पान पान वाचून सांगत गेले, ती करत गेली. दोन दिवसांत तिने माझ्यापेक्षा चांगलं केलं. मी ब्रश न धरता टीचर होते.

शेवटच्या पानावर लाल चौकट होती. द्रव कातडीला लागू देऊ नका. नखाच्या मुळाशी थोडी जागा सोडा. खिडकी उघडी ठेवा. कानशीची भुकटी लगेच पुसून घ्या. खाज सुटली, लाली आली तर थांबा आणि पुन्हा वापरू नका.

मी पहिलं वाक्य सांगायला तोंड उघडलं. मॅडम मागे उभ्या होत्या. पान त्यांनाही दिसत होतं. लाल रंग कळायला इंग्रजी लागत नाही.

"टीचर, कामनुं एटलुं ज कहो."

कामाचं तेवढंच सांगा. मी पुस्तिका मिटली. कमलने विचारलं, संपलं का? मी म्हटलं, संपलं. माझा हात कोणी धरला नव्हता. आवाजही चढवला नव्हता. मी हे नीट लिहून ठेवते आहे.

आता पुढे काय झालं ते ऐका. मुळाशी सोडलेली जागा नवरीमुलींना खपेना. नख उपरं दिसतं म्हणायच्या, कातडीला भिडलेलं हवं. ब्रशने ती कड नीट बसायची नाही. मग कमलने युक्ती काढली. करंजीची कड आपण पाण्याचं बोट लावून जशी दाबून बसवतो, तसं तिने बोट द्रवात बुडवलं आणि कड दाबून गुळगुळीत केली. कामाची इतकी सफाई की बघत राहावं. मॅडमनी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. मीही केलं. दिवसाला आठ हात, दहा हात. प्रत्येक नखाला ते ओलं बोट.

महिन्याभरात किटमधला द्रव संपला. मुंबईचा महाग. मॅडम दाताच्या सामानाच्या दुकानातून तपकिरी बाटली घेऊन आल्या. कवळ्या बनवायचा द्रव. तो त्या परदेशी नावाच्या लहान बाटलीत ओतून ठेवायचा. वास असा की डोळ्यांच्या मागे जाऊन बसायचा. खिडक्या एसीमुळे बंद. ही नखं इतकी घट्ट बसायची की काढताना खालचं खरं नख सोलून यायचं. गिऱ्हाईक ओरडलं की मॅडम म्हणायच्या, पक्कं काम आहे, म्हणून.

कमलच्या बोटांना आधी खाज सुटली. मग पाण्याचे फोड. मग चिरा. मॅडम म्हणाल्या, लिंबायतच्या पाण्याने. दुसरी मुलगी म्हणाली, खरूज असेल, माझा टॉवेल घेऊ नको. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "भांड्यांची पावडर बदल, कमल." लाल चौकट माझ्या डोळ्यांसमोर होती तेव्हा. शब्दान् शब्द.

सीझन भरात आला तेव्हा कमल एकटी पुरेना. मॅडमनी मलाही ब्रश धरायला बसवलं. मीही कड बोटाने दाबू लागले. तसंच सुंदर दिसायचं. तीन आठवड्यांनी रात्रीची भाकरी थापताना माझी बोटं पेटली.

तेव्हा मी डॉक्टरकडे गेले. कमलच्या वेळी नाही. माझ्या वेळी. सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाई होत्या, तरुण. हात उलटेसुलटे पाहिले, कामाचं विचारलं, बाटलीत काय असतं विचारलं. मग म्हणाल्या, हा रोग नाही, कोणाला लागत नाही. ही ॲलर्जी आहे. तुमच्या कातडीने हे रसायन ओळखून ठेवलं आहे, आता ती जन्मभर विसरणार नाही. पुढे थेंबभर लागला तरी असंच होईल. साधे रबरी हातमोजे या द्रवाला थोपवत नाहीत, काही मिनिटांत तो आरपार येतो. हे काम सोडा. हात तुमचे आहेत.

मी काम सोडलं नाही. हातमोजे आणले, दोन जोड्या चढवल्या आणि गेले. त्या दिवशी समोर शेठाणीबाई बसल्या. तो प्रसंग वर लिहिला आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं. चहा दिला. गोड बोलल्या. कमलला काढलं आहे म्हणाल्या, तिचे हात बघून गिऱ्हाइकं बिचकतात. तुमचं तसं नाही. तुम्ही पूर्वीसारख्या काउंटरवर बसा, फक्त हात खाली ठेवत जा. सोमवारी कोसाड भागातल्या दोन बायका येणार आहेत, नवीन. त्यांना पुस्तिका शिकवा. कमलला शिकवली तशी.

मी मान हलवली की नाही, आठवत नाही. चहा प्यायले, हे आठवतं.

तिथून लिंबायतला गेले. रिक्षातून उतरून दोनदा विचारत कमलची खोली शोधली. माझ्याबरोबर सहा महिने काम करणारी बाई कुठे राहते, मला माहीत नव्हतं. ती दारात बसलेली. आत शेजारीण कमलच्या घरचं पीठ मळून देत होती. कमलला मळता येत नव्हतं. तिने पदराने पायरी पुसली, मला बसायला सांगितलं. मी बसले आणि डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या ते सगळं सांगितलं. कोणाला लागत नाही, हे दोनदा सांगितलं. शेजारीण मळायची थांबून ऐकत होती. मग मी लाल चौकटीचं सांगितलं.

कमलने माझ्या बोटांकडे पाहिलं. माझ्याशी जपून मराठी बोलणारी कमल. त्या दिवशी जपली नाही.

"तुले माहीत व्हतं का, ताई?"

"हो."

"मंग सांगं काबर नही?"

मग सांगितलं का नाहीस. मॅडमनी सांगू दिलं नाही, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. ते खोटं नव्हतं. पण मी गिळलं. कारण मॅडमनी मला बांधून ठेवलं नव्हतं. सहा महिने आम्ही एका डब्यातली भाजी खाल्ली होती. कधीही सांगता आलं असतं. मला खुर्ची हवी होती. कमल पाटावर बसणारी होती आणि पाटावर बसणाऱ्यांच्या हातांना काय होतं, हे आपलं काम नाही, असं मला वाटत होतं. सफाई मुकादमाच्या मुलीला. शेठाणीबाईंनी बोट पुसलं तेव्हा मला जे झालं, ते मी कमलला आधीच करून बसले होते. रुमाल न काढता.

"चुकलं माझं," एवढंच म्हणाले. ती उठून आत गेली. चहा झाला नाही. तिने माझ्यासाठी तो करायचं कारणच नव्हतं. ते बरोबर होतं.

सोमवारी कोसाडच्या दोघी आल्या. एक वही घेऊन आलेली. पार्लर भरलेलं. मॅडम माझ्या मागे, नेहमीच्या जागी. मी पुस्तिका उघडली ती मागून. लाल चौकट इंग्रजीत वाचली. मग गुजरातीत सांगितली, मग मराठीत. बाटलीत दुसरंच काय भरलं आहे, तेही सांगितलं.

"टीचर," मॅडम म्हणाल्या. मी थांबले नाही. हात टेबलावर ठेवले, दोन्ही, पंजे उघडे. म्हटलं, हे त्याने झालं आहे. कमलचेही असेच झाले आहेत. तिला काढलं आहे, म्हणून तिच्या जागी तुम्ही आला आहात.

ड्रायरखाली बसलेल्या एका बाईने आपली नखं डोळ्यांजवळ नेली. तिने विचारलं, आणि आम्हाला? मी म्हटलं, तुम्हालाही होऊ शकतं. तुम्ही महिन्यातून एकदा येता. त्या रोज दहा हात धरणार.

मॅडम इंग्रजीत बोलल्या तेव्हा. कधी बोलत नसत. "गेट आउट."

मी पुस्तिका पिशवीत टाकली आणि बाहेर पडले. वहीवाली बाई माझ्या मागे जिन्यापर्यंत आली, तिथून परत गेली. तिला काम हवं होतं. मी तिला नाव ठेवत नाही. पण ती गेली ते जाणून गेली.

माझी बोटं भरली, पण कातडी विसरली नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी मला डॉक्टरांना हे सांगावं लागलं, कारण हाडात भरायच्या सिमेंटमध्ये त्याच कुळातलं रसायन असतं. दाताच्या डॉक्टरलाही सांगते. रेवा, तुझ्या किटमध्येही त्याच जातीचं काहीतरी आहे. ओला रंग कातडीला लागू देऊ नकोस. खाज सुटली तर त्याच दिवशी बंद कर, दुसरी बाटली घेऊन बघू नकोस. आणि मैत्रिणींची नखं करून देणार असशील, तर त्यांना हे आधी सांग. तुला वाचता येतं म्हणून.

कमलने मला माफ केलं नाही. पुढे एकदा लिंबायतच्या बाजारात दिसली, माझ्याकडे बघून तोंड वळवून गेली. मी हाक मारली नाही. माफी मागून मोकळं व्हायचा हक्क मला नाही, आणि मोकळं मला व्हायचंही नाही. पण कामाचं तेवढंच सांगा, असं पुन्हा कोणी म्हटलं, घरातलं असो की दारातलं, तर त्याच्या तोंडावर मी सगळं वाचून दाखवेन. मोठ्याने. खुर्ची गेली तर जाऊ दे.