दादाच्या रीडची डबी

दादाची रीड मी फोडली होती.

मुद्दाम. नखानं.

तीस वर्षं कुणाला बोललो नाही. काल सकाळी मुंबईत दादा गेला आणि इथं ग्रुपवर लोक "थोर कलावंत हरपला" लिहायला लागले. म्हटलं, आधी आपण खरं लिहावं.

आमचा बारामतीत लग्नाचा बँड होता. आबांचा, म्हणजे वडिलांचा. आबा ढोलावर, मी ट्रम्पेटवर, थोरला दादा क्लॅरिनेटवर. सुप्यापासून इंदापूरपर्यंत लग्नं, वराती, भीमजयंतीची मिरवणूक, सगळीकडं आम्हीच.

बँडमध्ये गाण्यातल्या बाप्याचा आवाज ट्रम्पेटचा आणि बाईचा क्लॅरिनेटचा. दादा वाजवायला लागला की म्हाताऱ्या बायकासुद्धा मांडवातून बाहेर यायच्या.
माझ्याकडं कुणी बघायचं नाही. हेही लिहून टाकतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दादा दर सोमवारी पुण्याला एका रिटायर्ड मिलिटरी बँडमास्तरांकडं शिकायला जायचा. नोटेशन वाचायला, आणि बसून वाजवायला.
हसू नका. जन्मभर वरातीत चालत वाजवलेला माणूस, खुर्चीत बसला तरी त्याचे पाय चालायलाच लागायचे. घरी सराव करताना तो दोन्ही पावलांवर एकेक वीट ठेवायचा.

मग त्या सरांनी मुंबईतल्या एका ऑर्केस्ट्राची ऑडिशन ठरवून दिली. सिनेमाच्या गाण्यांचा नव्हे, काळे कोट घालून सिम्फनी वाजवणारा ऑर्केस्ट्रा. कायमची नोकरी.

आबा एवढंच म्हणाले, "तू गेल्यावर बँडमंदी बाईचं कोण गाणार रं?"
"बघू की आबा. अजून कुठं घेतलंय मला."

रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधतात ती करंगळीएवढी लांब, बोरूची पातळ पट्टी. ती थरथरते म्हणून आवाज निघतो. बँडवाले जाड, कडक रीड लावतात, ढोलाच्या वर ऐकू जायला पाहिजे ना. ऑर्केस्ट्राला ती चालत नाही.
सरांनी तीन चांगल्या रीड दिल्या होत्या. दोन सरावात संपल्या. तिसरी पत्र्याच्या चपट्या डबीत, वाकू नये म्हणून काचेच्या तुकड्यावर. रोज दहा मिनिटं वाजवायची आणि पुन्हा डबीत ठेवायची.

निघायच्या आदल्या दुपारी दादा कटिंगला गेला होता.
मी डबी उघडली. रीडच्या टोकावर अंगठ्याचं नख दाबलं. केसाएवढी चीर गेली.
डबी बंद केली आणि जेवायला बसलो. जेवलोसुद्धा.

मुंबईला सोबत मीच गेलो. आत दुसऱ्याची ऑडिशन चालू होती, त्यामुळं बाहेर फुंकायला मनाई. दादा रीड तोंडात भिजवत बाकावर बसलेला.
सांगावं का? आत्ता सांगावं का?
तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं.

दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं. पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. मग एक लांब सूर होता, हळू सुरू होऊन वर चढत जाणारा. चढला, चढला आणि चिरकला.
थांबला.
पुन्हा धरला. पुन्हा चिरकला.
मग त्यानं खिशातली बँडची रीड लावली असणार, कारण एकदम आमच्या वरातीचा आवाज आला. आत कुणीतरी हसलं. मग "थँक यू."

बाहेर येऊन म्हणाला, "चल. एसटी घावंल अजून."
घरी आबांना म्हणाला, "न्हाय जमलं."

तो सगळा हंगाम दादा माझ्या शेजारी उभा राहून वाजवत होता. नेहमीसारखा. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. निघताना दादानं डबी माझ्यापुढं धरली.

"धर. मुंबईपातुर तुझ्यापाशी."
"माझ्यापाशी कशाला? तुझ्या खिशात ठेव की."
"न्हाय. गेल्या टायमाला माझ्यापाशी हुती, फुटली. आता तू सांभाळ."

मी हात पुढं केला. त्यानं माझ्या अंगठ्याकडं बघितलं.

"आन् नखं काढ जरा. लई वाढल्यात."

त्याला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं.

दारातल्या पायरीवर बसून मी नखं काढली. इतकी खोल की दोनदा रक्त आलं.

पूर्ण रस्ताभर डबी दोन्ही हातांत. खिडकीला टेकलो नाही, चहाला उतरलो नाही. सासवडच्या पुढं ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. डबी सुटली, मांडीवर आपटली.
उघडून बघायची हिंमत नव्हती. आता फुटली असेल तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? दादा शेजारी डोळे मिटून बसलेला.

ऑडिशनच्या दाराशी त्यानं डबी उघडली. रीड ट्यूबलाइटकडं धरून बघितली. मग माझ्याकडं बघितलं.
"बरी हाय," म्हणाला आणि आत गेला.

तो लांब सूर आला. चढला. चढला. मी भिंतीला पाठ लावून श्वास धरलेला.
सूर वर गेला, तिथं राहिला आणि सावकाश विरला.

दादाला घेतलं.

पंचवीस वर्षं तो तिथं सेकंड क्लॅरिनेट होता. सुट्टीला आला की सांगायचा, "शंभर-शंभर मात्रा मोजत बसायचं, मंग दोन वळी वाजवायच्या. गप बसायचीच नोकरी हाय बघ."

आमचा बँड दोन हंगामांत बंद पडला. मी एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर लागलो. दादा गेला की बँड संपणार ही आबांची भीती खोटी नव्हती, माझीही नव्हती. पण मी केलं ते केलंच.

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. माफी मागायची राहिली. त्याला गरज नसेल, मला होती.

काल मुंबईला पोचलो तेव्हा वहिनीनं ती डबी माझ्या हातात दिली. म्हणाली, "त्यांनी सांगून ठेवलेलं, ही धाकट्याकडंच द्या. तो नीट सांभाळतो."

उघडायच्या आधी मी नखं काढली.

दादा, माफ कर.
जयभीम.