नानांचं महिन्याचं पुडकं

पोस्टमन सायकलवरून उतरला की आमच्या देवपुरातल्या गल्लीला एक किस्सा मिळतो. पत्र असलं तर ते एका घरापुरतं. पण पैसे भरून सोडवायची व्ही.पी. आली, की ती बठ्ठ्या गल्लीची!

शेजारचे नाना, वय पंचावन्न. मासिकातली जाहिरात बघून एका वैद्याचं मर्दानी ताकदीचं औषध मागवायचे. कुपनावर दोन चौकोन असायचे, एकदाच किंवा दरमहा. नानांनी दरमहावर खूण केली. पोस्टमन फाटकातूनच सांगायचा, "नाना, ताकद आली." नाना बनियनवरच येऊन सही करायचे. लाज नाही वाटत का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पेपर महिन्याचा लावतो, मग हे का नको?"

* * *

अडचण मलाही तीच होती, दोन वर्षांपासून. पण मी 'एकदाच'वर खूण केली आणि पत्ता दिला सावद्याच्या मेव्हण्याच्या दुकानाचा. त्याला सांगितलं, पित्ताचं औषध आहे. मेव्हणा फार प्रेमळ. केळीचा घड आणि पुडकं घेऊन एस.टी.नं स्वतः आला आणि पुडकं बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्याच हातात दिलं. तिनं ते देवाजवळ ठेवलं! रोज सकाळी तिच्यासमोर दुधातून घ्यायचो. पंधरा दिवसांत संपलं. फरक शून्य. पुन्हा मागवायचं, तर पुन्हा मेव्हणा.

* * *

इकडे नाना आणि त्यांची बायको अक्का रोज संध्याकाळी पांझरेच्या पुलापर्यंत फिरायला. अक्का या वयात हसत जायच्या. माझी बायको ओट्यावर डाळ निवडताना त्यांच्याकडे बघत राहायची, माझ्याकडे नाही. माझा नुसता जळफळाट. आपणही दरमहा घेतलं असतं तर, हेच डोक्यात.

एकदा तर मी पोस्टमनला सांगून टाकलं, नाना गावाला गेलेत, पार्सल परत पाठव. त्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. नाना फाटकात उभे होते, पैसे घेऊन.

* * *

शेवटी विचारलंच, एवढा गुण येतो का? नानांनी कपाट उघडलं. सात पुडकी. एकाचीही सुतळी सुटलेली नाही.

"बठ्ठा आठेच शेतस, सगळी इथंच," नाना म्हणाले.

"मग मागवता कशाला?"

"पहिलं आलं तेव्हा अक्काला खरं सांगावं लागलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलते. आता बंद करायची छाती होत नाही."

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, चल, पुलापर्यंत जाऊन येऊ, त्या पित्ताच्या औषधाबद्दल सांगायचंय.

तिनं सूप बाजूला ठेवलं, चप्पल घातली.

"चला. आणि आता महिन्याचंच लावा," ती म्हणाली. "पण पत्ता इथला द्या. भावाला मी किती दिवस पित्त सांगू?"