वंदनाताईंचा बोलणारा संगणक आणि आर्णीच्या वाटेवरचे चार दिवस

यवतमाळला जायचं ठरलं ते एका आंतरदेशीय पत्रामुळे. पुण्यात आमचा आठ-दहा जणांचा एक गट आहे. नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवारी आम्ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर काम करतो. म्हणजे अशी सॉफ्टवेअर, ज्यांची आतली मांडणी सगळ्यांसाठी खुली असते. कुणीही ती वाचावी, दुरुस्त करावी, फुकट वाटावी. माझ्याकडे काम होतं ते पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचं. दृष्टिहीन माणूस पडदा पाहू शकत नाही, पण ऐकून संगणक चालवू शकतो, ही त्यामागची साधी कल्पना.

पत्र वंदनाताईंचं होतं, भाचीच्या हातचं. त्या आर्णीच्या अलीकडच्या एका गावात राहतात. लहानपणी गोवराच्या तापात दृष्टी गेली. अमरावतीला राहून ब्रेल शिकल्या, बारावी झाल्या. गावच्या वाचनालयाला कुणीतरी जुना संगणक भेट दिला होता आणि पुस्तकांची देवघेव त्यावर नोंदवण्यासाठी एक माणूस नेमायचा होता. ताईंनी अर्ज केला होता. समितीचं म्हणणं, रविवारी सगळ्यांसमोर काम करून दाखवा. जमलं तर तुम्ही, नाहीतर दुसरं कुणी. "बोलणारं सॉफ्टवेअर बाजारात मिळते, पण त्याची किंमत संगणकापेक्षा जास्त हाय आणि मराठी त्याले येत नाई," असं पत्रात होतं. शेवटी: "तुमच्यातलं कोणी येईन का?"

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. बाबा संगमनेरला टेम्पो चालवतात. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी कोण कोण पुढे आलं होतं, ते मला पाठ आहे. ते पत्र वाचून 'बघू, कळवते' असं लिहिणं मला जमलं नाही. चार दिवसांची रजा टाकली.

गुरुवार : धामणगाव ते यवतमाळ ते फाटा

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी सांगते, नागपूरकडच्या गाडीनं धामणगावला उतरणं सोयीचं. स्टेशनाबाहेर यवतमाळची एस.टी. मिळते, दीड तासात पोहोचवते. चढण्याआधी स्टेशनासमोर पोहे खा. वर लाल तर्री घालतात, ती 'थोडीच' म्हणून मागा. मी नाही मागितली आणि बाभूळगावपर्यंत पाणी पीत राहिले.

नोव्हेंबर संपत आला होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या फुगलेल्या. लांबून पाहणाऱ्याला सगळं भरभराटीचं वाटावं. पण माझ्या पुढच्या बाकावर दोघे बोलत होते.

"भाव काय म्हणते मग?"

"भाव काही म्हणतच नाई. मुका झाला तो."

"मग इकणार नाई?"

"इकीन ना. त्याले बोलता आलं की."

दोघेही हसले.

यवतमाळहून आर्णीचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो आणि तेवढ्यासाठी खिडकीची जागा धरावी. रस्ता मधून मधून उखडलेला आहे. लॅपटॉप असेल तर मांडीवर घ्या, वर ठेवू नका. फाट्यावर ताईंचे वडील बाबारावजी सायकल घेऊन उभे होते. माझी बॅग त्यांनी कॅरिअरला बांधली आणि आम्ही चालत निघालो.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्याखाली पुस्तकांची फळी, आणि फळीच्या खाली मांडीपर्यंत कापूस. भाव येईपर्यंत घरातच भरलेला. त्या ढिगावर टेकून एक सडपातळ बाई बसली होती. मांडीवर कीबोर्ड होता. त्याची वायर कापसात लोंबत होती, कशालाच जोडलेली नव्हती.

"प्रणाली ना तू? आली का वं पोरी? बस. कापसावरच बस, खुर्ची त्याच्या खाली हाय."

तो कीबोर्ड यवतमाळच्या भंगारातून आणलेला, बंद पडलेला. संगणक वाचनालयात कुलपात, आणि समिती म्हणे आधी शिकून या. म्हणून ताई चार महिने त्या मुक्या कीबोर्डवर बोटं बसवत होत्या. कुठली कळ कुठे आहे ते भाचीनं एकदा सांगितलेलं. आपण दाबलेलं बरोबर की चूक, हे सांगायला काहीही नाही. मी सहा महिने टायपिंगचा क्लास लावून जे शिकले ते ही बाई कापसाच्या ढिगावर शिकली होती, आणि नंतर कळलं की तिची बोटं माझ्यापेक्षा नेमकी पडतात.

संध्याकाळी ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि मिरचीचा ठेचा. राहण्या-जेवण्याचे पैसे मी विचारले, तर बाबारावजी म्हणाले, "तुह्या बापाले इचारशील का असं?" पुन्हा विचारलं नाही. ओळख नसलेल्यांनी यवतमाळला स्टँडजवळच्या लॉजवर राहून ये-जा करावी. शेवटची एस.टी. लवकर जाते, एवढं लक्षात ठेवा.

शुक्रवार, शनिवार : बटण, बटण, बटण

वाचनालय ग्रामपंचायतीच्या मागे आहे. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं, तिथे सकाळी गर्दी. सगळे बाजारभावाचं पान आधी उघडतात. संगणक मागच्या खोलीत, जिला खिडकीच नाही. अध्यक्ष देशपांडे गुरुजी निवृत्त शिक्षक. चष्मा कपाळावर, आवाज अजून वर्गातला.

"वंदना हुशार आहे, मी नाही म्हणत नाही," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "पण मॅडम, हा पडद्याचा धंदा. उद्या चूक झाली तर जबाबदार कोण?"

मी प्रोग्राम बसवला. आवाज अगदी सावकाश ठेवला होता, एकेक शब्द सुटा. आमच्या गटात यावर दोन रविवार चर्चा झाली होती. ताईंनी हेडफोन लावला आणि अर्ध्या मिनिटात काढला.

"हे इतकं हळू काहून बोलून राह्यलं? बिमार हाय का?"

"ताई, नीट कळावं म्हणून—"

"आंधळ्याले डोळे नसतात वं. कान तं हायेत ना!"

वेग वाढवत वाढवत त्यांनी असा नेला, की मला नुसती मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येत होतं. त्यांना मात्र सगळं कळत होतं. पुण्यातले आमचे दोन रविवार तिथेच निकालात निघाले. त्या दोन रविवारी आमच्यात एकही दृष्टिहीन माणूस नव्हता, हे तेव्हा मला पहिल्यांदा खुपलं.

खरी अडचण पुढे होती. वाचनालयाच्या देवघेवीचा प्रोग्राम उघडला तर आवाज म्हणाला, "बटण. बटण. बटण. बटण." पडद्यावर त्या बटणांवर सुंदर चित्रं होती, बाण आणि पुस्तकं. चित्रांच्या मागे नाव कुणी लिहिलंच नव्हतं. डोळस माणसाला सात बटणं, ताईंना सात बंद दारं.

विकतचं सॉफ्टवेअर असतं तर मी इथेच हात टेकले असते. पण हा देवघेवीचा प्रोग्रामही आमच्यासारखाच खुला होता. मी आतला मजकूर उघडला आणि एकेका बटणाला नाव द्यायला लागले. "पुस्तक परत," मी लिहिलं.

"परत नको. वापस लिही. इथं सारे वापसच म्हणतात."

"पण ताई, हे सगळ्या महाराष्ट्रात—"

"महाराष्ट्रात मी बी येते ना?"

'पुस्तक वापस' लिहिलं. शनिवारी दुपारपर्यंत सातही बटणं बोलायला लागली. मध्ये दोन वेळा वीज गेली, इथे त्याला 'लाईन गेली' म्हणतात. भारनियमनाचं वेळापत्रक चहाच्या टपरीवर खडूनं लिहिलेलं असतं. जाणाऱ्यांनी आधी ते उतरवून घ्यावं. गुरुजींनीही ते पाहूनच परीक्षेची वेळ ठरवली होती, रविवारी दहा ते अकरा, म्हणजे लाईन असताना.

रविवार

दहाला समितीचे पाच जण खुर्च्यांवर, दारात पेपर वाचायला आलेले वीसेक. बाबारावजी बाहेरच थांबले. दहा नोंदी करायच्या होत्या. गुरुजी कार्ड आणि पुस्तक हातात घेऊन नंबर वाचणार, ताई नोंदवणार.

चौथी नोंद सुरू असताना लाईन गेली. वेळापत्रक तसंच, लाईन मात्र गेली. खोली काळीकुट्ट, फक्त पडद्याचा निळा उजेड. लाईन गेल्यावर संगणक थोडा वेळ तगवणारा बॅटरीचा डबा खाली 'टीं, टीं' करायला लागला. जुना डबा, तीन-चार मिनिटं टिकतो, हे मी दोन दिवस पाहिलं होतं. मी उठले. "गुरुजी, आता थांबावं लागेल, आपण—"

"कायले थांबाचं?" ताई म्हणाल्या. "प्रणाली, त्या डब्याले काय काय लावलं हाय?"

"संगणक, स्पीकर, आणि मॉनिटर."

"सगळ्यात जास्त करंट कोण खाते?"

"मॉनिटर," मी म्हटलं. दोन दिवस मी त्या जाडजूड मॉनिटरच्या समोर बसून होते. मला सुचलं नव्हतं.

"मग काढ ना त्याले. मले काय कामाचा तो?"

मी वायर ओढली. निळा उजेडही गेला. डब्याची टीं-टीं चालूच राहिली, पण आता धीम्या लयीत. अंधारात कळांचा आवाज आणि ती मोहरी.

"आम्हाला काही दिसत नाही, ही काय करते आहे!" समितीतलं कुणीतरी म्हणालं.

"दिसत नाई तं ऐका," ताई म्हणाल्या आणि त्यांनी आवाजाचा वेग कमी केला, मी आणला होता तेवढा. "तुमच्यासाठी हळू करून राह्यली. सवय नाई तुम्हाले."

दारात हशा पिकला. आवाज एकेक शब्द सुटा म्हणत गेला: पुस्तक वापस. नोंद झाली. गुरुजी आगकाडीच्या उजेडात नंबर वाचत होते. सातव्या नोंदीला ताई थांबल्या.

"गुरुजी, हे कार्ड तं शेवंताबाईच्या नावानं येऊन राह्यलं. ते तं गाव सोडून गेली. नंबर बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे. एक्याण्णव. टाक."

दहावी नोंद झाल्यावर ताईंनी स्वतः संगणक बंद केला. बॅटरी अजून बोलत होती. पाऊण तासानं लाईन आली तेव्हा मी मॉनिटर जोडला आणि गुरुजींनी चष्मा खाली ओढून एकेक नोंद कार्डाशी ताडून पाहिली.

"सातवी चुकली," ते म्हणाले. दाराशी बाबारावजी आले होते. "कार्ड अकरा नंबरचं आहे. इथे एक्याण्णव…" आणि ते थांबले. कार्ड उजेडात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. हातानं लिहिलेला पहिला एक, नऊसारखा वळलेला. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"चूक माझी. तिनं विचारलं होतं मला." मग आपल्या वर्गातल्या आवाजात समितीकडे वळून म्हणाले, "अंधारात ती वाचू शकली, मी नाही. कुणाला काही म्हणायचं आहे?"

मग ते ताईंकडे वळले.

"एक तारखेपासून ये, वंदना."

"येते," ताई म्हणाल्या. "पहिले तो कार्डाचा नंबर नीट लिहून द्या."

घरी

परतीच्या गाडीत मी फार खुशीत होते. पुण्याला आल्यावर बटणांची नावं प्रोग्राम सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. थोड्या प्रश्नोत्तरांनंतर ती मूळ प्रोग्राममध्ये गेली. आता तो जिथे मराठीत चालेल तिथे 'पुस्तक वापस' म्हणेल.

मग हा लेख लिहिला, सहा फोटो लावले, आणि सहज म्हणून मॉनिटर बंद करून माझाच ब्लॉग ऐकला. "चित्र. चित्र. चित्र." सहा वेळा. तिथे जी चूक दुरुस्त करून आले ती माझ्याच घरात होती. मी बसून प्रत्येक फोटोच्या मागे, फक्त आवाजालाच वाचता येईल असं वर्णन लिहिलं आणि ताईंना फोन करून वाचून दाखवलं.

"कापसाच्या फोटोले काय लिहिलं म्हणली?"

"'घरात साठवलेला सुंदर पांढराशुभ्र कापूस.'"

"सुंदर काय त्यात? मांडीपर्यंत हाय ते लिही. खुर्ची खाली दबली ते लिही. आणि मी काय करून राह्यली ते?"

"कीबोर्डवर टाईप करताय."

"काय टाईप करून राह्यली ते नाई दिसत ना तुले फोटोत?"

"नाही, ताई."

"ह्या नोकरीचा अर्ज. रोज एकदा लिवत होती. तेही लिही."

लिहिलं आहे. पडदा पाहून वाचणाऱ्यांना ते वर्णन दिसणार नाही, म्हणून इथेही देते: खोलीत मांडीपर्यंत कापूस. त्याखाली कुठेतरी खुर्ची. ढिगावर बसलेली बाई, मांडीवर कशालाच न जोडलेला कीबोर्ड. ती अर्ज लिहिते आहे.