मिनिटवाल्या सिस्टर

आमच्या सिस्टर नाडी पूर्ण एक मिनिट मोजायच्या. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही वॉर्डात काम केलेलं नाही. सगळं जग पंधरा सेकंद मोजतं आणि चारनं गुणतं. फारच घाई असेल तर नुसतंच लिहितं. सिस्टर पेशंटचं मनगट धरायच्या, छातीवर लटकवलेल्या घड्याळाकडे बघायच्या, आणि मग मिनिटभर त्या कोणाच्याही नसायच्या. एकदा मोठे डॉक्टर समोर येऊन उभे राहिले, खाकरले आणि शेवटी म्हणाले, "सिस्टर, ज़रा सुनिए." सिस्टर घड्याळावरची नजर न हलवता म्हणाल्या, "चालीस सेकंड बाकी हैं, सर." डॉक्टर चाळीस सेकंद उभे राहिले. करतात काय!

आम्ही नर्सिंगच्या मुली त्यांना मिनिटवाल्या सिस्टर म्हणायचो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. बुऱ्हाणपुरातल्या त्या हॉस्पिटलचं नाव मी सांगत नाही. तिथले लोक अजून तिथेच आहेत आणि मलाही तिथेच नोकरी करायची आहे. सिस्टरांकडे बायकांचा वॉर्ड होता. उंचीनं बेताच्या, अंबाडा घट्ट, आणि चेहऱ्यावर ना हसू ना राग. रागावल्यात की खूश आहेत हे ओळखायचा एकही उपाय आमच्या बॅचला चार वर्षांत सापडला नाही.

मुलींना त्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. "ए नेपानगर, चादर सरळ कर." "खकनार, बोलणं कमी, हात जास्त." मी तुकईथडची, म्हणून मी तुकईथड. एका मुलीनं धीर करून विचारलं, "सिस्टर, आमची नावं का घेत नाही?" तर म्हणाल्या, "नावं पाठ होईपर्यंत तुम्ही पास होऊन जाता."

माझा वॉर्डातला पहिला दिवस मे महिन्यातला होता. त्या दिवसावर माझं सगळं अवलंबून होतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरी केळी आणि कापूस. मोठे काका म्हणायचे, "पोरगी लोकांची घाण काढायले पाठवू राहिला का?" वडिलांनी त्यांचं ऐकलं नाही, पण मला एक अट घातली. कॉलेजातून एक जरी तक्रार घरी आली, तर पेटी उचलायची आणि परत यायचं. रावेरकडचं एक स्थळ तयारच होतं. मुलाला शिकलेली मुलगी हवी होती, पण फार नाही.

ट्यूटर मॅडम आम्हा सहा जणींना सिस्टरांच्या ताब्यात देऊन निघून गेल्या. बाकीच्यांना चादरी बदलायला लावून सिस्टरांनी मला चार खाटा स्वतः सोबत फिरवलं. थर्मामीटर कसं धरायचं, नाडीवरचा हात न काढता श्वास कसे मोजायचे, सगळं दाखवलं. "श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं, की तो तुझ्यासाठी श्वास घ्यायला लागतो," त्या म्हणाल्या. तेवढ्यात शेजारच्या वॉर्डात आरडाओरडा झाला आणि त्यांना बोलावणं आलं. जाता जाता म्हणाल्या, "आठ नंबरचं ताप-नाडी-श्वास घेऊन लिहून ठेव. मी आलेच."

आठ नंबरच्या कागदावर नाव होतं कमलाबाई, गाव चांदनी. रात्री ताप आणि खोकला म्हणून भरती झालेली. खाटेवर एक बाई भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पदर घेऊन निजली होती. मी शिकवल्याप्रमाणे नम्रपणे विचारलं, "कमलाबाई ना?" बाईनं मान हलवली. मी म्हटलं, तोंड उघडा. तिनं उघडलं. ताप नव्हता. नाडी मी पूर्ण एक मिनिट मोजली, अठ्ठ्याहत्तर भरली. श्वास अठरा. इतकं सुंदर टिपण मी पुन्हा आयुष्यात लिहिलं नसेल. अक्षरसुद्धा मोत्यासारखं.

मग राउंड आला. रात्री भरती करणारे डॉक्टर वेगळे होते, हे दुसरे. त्यांनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून कागद वाचला. "बुखार उतर गया, बढ़िया. अब ठीक हो ना अम्मा?" पदरानं मान हलवली. डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं, गोळ्या लिहिल्या, उद्या घरी सोडा म्हणाले आणि पुढे गेले. मी इतकी फुलले होते की काय सांगू! पहिल्याच दिवशी माझा पेशंट बरा झाला.

सिस्टर परतल्या आणि कागद बघून थबकल्या. "सकाळी एकशे तीन. आता नॉर्मल?" मला वाटलं शाबासकी येतेय. त्या खाटेजवळ गेल्या आणि नेहमीच्या त्या कोरड्या आवाजात विचारलं, "तुमचं नाव काय, बाई?"

पदर हळूच बाजूला झाला. "सुनंदा."

"मग कमलाबाई कुठे आहेत?"

सुनंदाबाईंनी बोटानं खाली दाखवलं. ती कमलाबाईंची सून होती. सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, त्यामुळे कोणी विचारलं की ही खाट त्यांचीच ना, तर मान हलवायची, आणि तेवढंच तिनं केलं होतं. रात्रभर जागली होती, आणि सासूबाईंनीच तिला सांगितलं होतं, मले खाली फरशीवर गार बरं वाटते, तू निज वर. "या बाईनं तोंड उघड म्हटलं, मी उघडलं," ती सिस्टरांना म्हणाली. "म्हटलं, संगतीच्या माणसाचं बी पाहू राहिले आजकाल. मले कमजोरीची गोळी बी द्या मंग."

मी हसले नाही. सिस्टर खाटेखाली वाकल्या होत्या. आत चटईवर एक म्हातारी पडली होती, ओठ कोरडे पडलेले, आणि तिचा श्वास असा चालला होता की वाकून बघितल्याबरोबर मलाही कळलं. सिस्टरांनी तिथेच जमिनीवर बसून तिचं मनगट धरलं आणि मोजायला सुरुवात केली. पूर्ण मिनिट. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मिनिट ते. मला वाटलं, मी आजीला मारलं. "श्वास छत्तीस," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलाव. पळ."

ऑक्सिजन लागला, इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. छातीत न्यूमोनिया होता. सिस्टरांनी मला म्हातारीजवळ ओल्या फडक्यानिशी बसवलं आणि एवढंच बोलल्या, "नाव आपण सांगायचं नाही, तुकईथड. त्यांच्या तोंडून घ्यायचं. आपण सांगितलं की लोक हो म्हणतात. पांढऱ्या कपड्यांना सगळे हो म्हणतात." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ड्युटी संपताना त्यांनी चुकांचं रजिस्टर काढलं. त्यात लिहिलेलं कॉलेजात जातं आणि कॉलेजातून घरी, हे आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतं. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "सिस्टर, नका ना लिहू. आजी आता बऱ्या आहेत. घरी कळलं तर माझं शिक्षण बंद होईल." त्यांनी ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण काढून म्हणाल्या, "झालंय ते लिहावं लागतं." आणि लिहिलं. मला दिसू नये म्हणून हाताचा आडोसा केला होता. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला, की मनात जे जे आलं ते इथे छापता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरूनच वॉर्डात गेले. सिस्टरांनी पिशवीकडे बघितलं. "केळी आणलीस?"

"नाही, सिस्टर. घरी चालले."

"ड्युटी दोनला संपते," त्या म्हणाल्या. "आठ नंबरचं ताप-नाडी-श्वास घे. मी इथे उभी आहे." आणि खरंच माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या दिवशी, आणि पुढचे सगळे दिवस. कमलाबाई आठवड्यानं चालत घरी गेल्या. माझ्या घरी मात्र काहीच आलं नाही. मी समजले, कॉलेजचा कारभार. कागद कुठेतरी हरवला असेल. देवाला नारळ फोडला आणि विसरून गेले.

मी पास झाले, त्याच हॉस्पिटलात लागले. तोवर सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. मेट्रनची, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरची, खुर्ची ज्येष्ठतेनं त्यांचीच होती, पण मिळाली त्यांच्यानंतरच्या एका बाईंना. सगळे म्हणायचे, तोंड सांभाळत नाहीत, डॉक्टरांना उभं करतात, दुसरं काय होणार? मीही तेच म्हणायचे.

गेल्या वर्षी कपाट आवरताना ते जुनं रजिस्टर हाताला लागलं. माझं पान शोधायला वेळ लागला नाही. नेहमीचं टोकदार अक्षर. 'आठ नंबरच्या पेशंटऐवजी नातेवाइकाची तपासणी झाली. पहिल्या दिवशी विद्यार्थिनीला एकटी सोडायचं नसतं, मी सोडली. चूक माझी.' माझं नाव कुठेच नव्हतं, गावही नव्हतं. खाली लाल शाईत वरिष्ठांचा शेरा होता: लेखी समज दिली, बढतीच्या वेळी विचारात घ्यावी.

मी कपाट तसंच उघडं टाकून बुधवारा मोहल्ल्यात त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, रजिस्टर वाचलं मी." त्यांनी मला अर्धी जुडी दिली. मी मेथी निवडायला बसले. "तुम्ही मेट्रन झाला असतात," मी म्हटलं. "माझ्यामुळे गेलं. चूक मी केली होती, सिस्टर."

"तुझी चूक तुला समजली होती," त्या म्हणाल्या. "माझी लिहिली नसती तर कोणाला समजली असती?"

मग त्यांनी पुढची काडी उचलली. काड्या बाजूला टाकत राहिल्या.

"मेट्रनच्या खोलीत कूलर होता," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात तेवढं वाटायचं."

मी तिथेच ओट्यावर बसून रडले. त्यांनी माझ्यापुढची मेथी उचलून आपल्याकडे घेतली आणि निवडायला लागल्या.