खिडकीतला बिनमातीचा मळा

मातीशिवाय भाजी पिकवता येते हे कळलं तेव्हा मला बागेची कसलीही हौस नव्हती. मला राग आला होता. त्या रागावरच मी पालक पिकवला, हे आधीच सांगून टाकते.

बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा त्यांना एकच वेड होतं, स्वतःची पाच गुंठे जमीन. गावी आमची वीतभरही नव्हती. आजोबा लोकांच्या शेतात राबले, छप्पन साली बौद्ध झाले आणि शेवटपर्यंत लोकांच्याच शेतात राबले. बाबांच्या खात्यातला एक दोस्त वांगणीचा, शेतकरी घरातला. वीस वर्षं दोघं एकमेकांच्या डब्यातलं जेवले. तोच जमीन द्यायला तयार झाला. बाबा दर रविवारी जाऊन ती जागा बघून यायचे. विहीर कुठे, वांगी कुठे, सगळं ठरवून झालं होतं. मग एका संध्याकाळी तो बुवापाड्यातल्या आमच्या दारात उभ्याउभ्याच म्हणाला, "भावकी ऐकत नाय रे. तुमच्या लोकांचा बांध शेजारी नको बोलतात."

वीस वर्षं शेजारी डबा चालला, शेजारी बांध चालला नाही.

त्या दिवसापासून बाबा आमच्याशी बोलेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायचे. माझा मात्र तिळपापड झाला. "नको तर नको त्यांची माती," मी आईला म्हणाले. "बाबांना मी मातीवाचून मळा करून दाखवते." आईला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

मी तेव्हा रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये होते. आमच्या केमिस्टसाहेबांकडून अशा बिनमातीच्या शेतीचं नुकतंच कळलं होतं; त्यांच्याकडे तिच्यावरचा एक इंग्रजी लेखही होता. डिक्शनरी घेऊन आठ दिवस त्याच्याशी झटले. मुळं पाण्यात ठेवायची, त्या पाण्यात मोजून क्षार घालायचे आणि पाण्याला हवा द्यायची, एवढं समजलं. हवेसाठी फिशटँकचा पंप हवा, म्हणून उल्हासनगर गाठलं.

"बेटी, मछली कौनसी है?" सिंधी दुकानदाराने विचारलं.

"मछली नहीं, पालक है."

त्याने पंप माझ्यापुढे सरकवला. "ले जा. मर जाए तो मछली डाल देना."

दोन बादल्या, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल झाकण म्हणून, त्याला भोकं, भोकात फोमच्या तुकड्यात धरलेली रोपं. सगळं उगवतीच्या खिडकीशी मांडलं. शेजारणी विचारायच्या, "काय गं, पालकाला पोहायला शिकवतेस का?" शिकवते, म्हणायचे मी.

चार-चार पानं आली आणि एक दिवस पाणी गढूळ झालं, घाण वास सुटला. झाकण उचललं तर मुळं काळी, बुळबुळीत. मी ओरडलेच, "कोणी काय ओतलं यात?"

"मी," खाटेवरून आवाज आला. "भाताची पेज."

"पेज?"

"रोज नुसतं पाणी पाजतेस त्यांना. लहानपणी आम्ही पाणी पिऊनच झोपायचो. पोट भरल्यासारखं वाटतं, भरत नाही. मला बघवेना."

कितीतरी दिवसांनी ते एवढं बोलले होते. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. क्षारांच्या पुड्या घेऊन मी त्यांच्याजवळ बसले. "हे त्यांचं जेवण, बाबा. पाण्यात विरघळतं म्हणून दिसत नाही." त्यांनी एकेक पुडी उघडून वास घेतला. दुसऱ्या दिवशी बादल्या त्यांनीच घासल्या, बियाही त्यांनीच रुजत घातल्या.

शुक्रवारी आमच्याकडे लाइट हमखास जायची. एका शुक्रवारी मी घरी आले, तर बाबा स्टुलावर बसून सायकलच्या पंपाने बादलीत हवा भरत होते. दारात शेजारपाजारचे जमून हसत होते.

"हसा," बाबा पंप मारता मारता म्हणाले. "भाजी मागायला आलात तर आधी शंभर वेळा पंप मारायला लावीन."

मी आत जाऊन थोडी रडले. माझे जुने बाबा परत आले होते.

पालक हातभर वाढला. दुसऱ्यांदा कापला त्याच दिवशी वांगणीचा दोस्त मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. या वेळीही तो दारातच घुटमळत होता. मला त्याला पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. बाबांनी मात्र हाताला धरून आत आणलं आणि पानावर बसवलं. आईने पालकाची पातळ भाजी वाढली.

"एकदम ताजी आहे रे," तो म्हणाला. "घेतलीस वाटतं जमीन कुठं?"

"नाही घेतली," बाबा म्हणाले आणि त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "गरजच लागली नाही."

तो बादल्यांकडे बघत राहिला. बाबांनी त्याच्या ताटात आणखी एक डाव भाजी घातली.

"पोटभर जेव," ते म्हणाले. "आमच्या मळ्यातली आहे."