जमिनीपासून सव्वादोन फूट

असे अनुभव सांगणाऱ्या माणसांबद्दल माझं आजवर एकच मत होतं... की यांची झोप नीट होत नसावी. आमच्या घरात अंगारा, उतारा, नजर असलं काही कधी नव्हतंच. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि अमावस्येला आम्हा बहिणींना मुद्दाम दुकानात पाठवायचे. त्यामुळे हे लिहिताना मला जरा लाजच वाटते आहे. पण इथं इतरांचं वाचते आणि वाटतं, एकदा सांगून टाकावं. नावं बदलली आहेत. बाकी जे घडलं तेच आहे.

मी अमरावतीत इंटिरियरची कामं करते. साईनगरात छोटं ऑफिस आहे. आधी लोक यायचे ते मॉड्युलर किचन आणि टीव्ही युनिट मागायला. गेल्या काही वर्षांत मात्र सगळ्यांना ‘वेलनेस’ हवं असतं. मेडिटेशन कॉर्नर, झोपेसाठी मंद पिवळे दिवे, घरातच स्टीम. रिसॉर्टमध्ये चार दिवस राहून आले की फोटो दाखवतात — “मॅडम, अस्संच.” मीही करून देते. चांगलं करते, असं लोक म्हणतात.

अकोल्याच्या शोभाताईंचं काम असंच आलं. त्यांच्या मिस्टरांची डाळमिल आहे, गोरक्षण रोडकडे दुमजली घर. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या एक करून त्यांना स्पा-बाथरूम हवं होतं. काळा ग्रॅनाइट, पावसासारखा शॉवर, एका कोपऱ्यात काचेच्या दाराची स्टीम रूम, आत सागवानी बाक. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली.

“प्रज्ञा, हॉस्पिटलसारखं काही दिसलं नाही पाहिजे. भिंतीला हँडल-बिंडल तर मुळीच नको. सासूबाईंचं नऊ वर्षं केलं मी. वॉकर, कमोडची खुर्ची, फिनेलचा वास... आता या घरात मला म्हातारपण दिसायला नको.”

मी “हो” म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं, हँडल नको. लिहिताना काही वाटलं का? नाही. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. आई जाऊन दोन महिने झाले होते. जलदान विधी आटोपला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साइटवर होते. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि गाल आपला वाटत नाही ना... तसं सगळं अंगच झालं होतं. जेवायचे, गाडी चालवायचे, टाइल्स निवडायचे.

मे महिन्याचा तिसरा आठवडा. अकोल्याचं ऊन काय असतं ते तिथल्यांना सांगायला नको. मी मूर्तिजापूरमार्गे दुपारी साडेतीनला साइटवर पोचले. वर मुख्तारभाई एकटेच होते. प्लंबिंग आणि फिटिंगची माझी सगळी कामं दहा वर्षांपासून तेच करतात. पन्नाशीचे, कमी बोलणारे, हातात सफाई असलेले.

स्टीम रूमचं दार उघडलं आणि मी थांबले. बाकाच्या बाजूच्या भिंतीवर, नव्याकोऱ्या ग्रॅनाइटवर, स्टीलचं एक हँडल बसवलेलं होतं. आडवं, दीड फूट लांब. आणि इतकं खाली की उभ्या माणसाला त्याचा काहीच उपयोग नाही.

“मुख्तारभाई, हे काय आहे?”

“हँडल हाये ना मॅडम.”

“ते दिसतंय. कोणी सांगितलं लावायला?”

ते माझ्याकडे पाहतच राहिले. “तुमीच तं पाठोली ना त्या बाईले?”

“कोणत्या बाईला?”

मग त्यांनी सांगितलं ते असं. जेवण करून ते कामाला लागले, तेव्हा दोनच्या सुमारास एक म्हातारी बाई आत आली. कुठून आली ते पाहिलं नाही, ते खाली वाकून जाळी बसवत होते. वर पाहिलं तर बाई उभी. उंच, काळीसावळी, जांभळ्या सुती लुगड्यात, हनुवटीवर गोंदलेलं, एका कानाची पाळी फाटलेली.

“मी इचारलं, तुमी कोण? तं म्हणे, मॅडमनं सांगतलं नाही का तुमाले? मले वाटलं घरची असंल. मंग ते खाली बसली. इथंच, फरशीवर. पाय लांब केले. हात वर केला थोडासा, असा... अन् म्हणे, इथं लाव. याच्या वर जात नाही हात.”

“आणि तुम्ही लावलं?”

“तुमचं नाव घेतलं ना तिनं. पेन्सिलनं निशाण केलं. मागच्या दवाखान्याच्या कामातलं एक हँडल माह्या हत्याराच्या थैलीत पडून होतं, तेच लावून देलं. तिनं पाणी मांगतलं, ते देलं. मंग मी ड्रिल ठेवाले गेलो तं निघून गेली.”

मी टेप लावून मोजलं. जमिनीपासून सत्तावीस इंच. का मोजलं, माहीत नाही. सवय.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई चांदूर रेल्वेच्या घरी बाथरूममध्ये पडून गेली. बाबा शेतकी केंद्रावर गेले होते. ती घसरून खाली बसली आणि तिला उठता आलं नाही. किती वेळ ती तशीच होती ते कुणालाच ठाऊक नाही. तिच्या बोटांना साबण लागलेला होता आणि भिंतीच्या टाइल्सवर, ती बसल्या जागेवरून पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत, त्या साबणाचे ओघळ होते. त्याआधी वर्षभर ती मला म्हणत होती, “लोकायच्या घरी येवढं करतं तू. मले न्हाणीत धरायले काईतरी लावून दे ना.” मी म्हणायचे, ते स्टीलचं फार वाईट दिसतं गं, तुला चांगलं मागवते. चांगलं म्हणजे मॅट ब्लॅक. ते माझ्या मोबाइलवर निवडून ठेवलेलं होतं.

त्यामुळे मुख्तारभाईंचं ऐकल्यावर माझ्या मनात काय आलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. उंच, काळीसावळी, गोंदण — यातलं काहीच आईशी जुळत नव्हतं. आई ठेंगणी, गोरी, चष्मा लावणारी. तरी मी मोबाइल काढला आणि आईचा फोटो त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. बराच वेळ पाहिलं.

“नाही मॅडम. ह्या नाही.”

“नीट बघा.”

“पाह्यलं ना. ह्या नव्हत्या.” मग हळूच म्हणाले, “अम्मी हाये का तुमची?”

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

तेवढ्यात शोभाताई वर आल्या. हँडल बघून त्यांचा चेहरा उतरला, मग चिडल्या. मी त्यांना बाईचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. काम चालू होतं म्हणून वरच्या पॅसेजमध्ये साहेबांनी, म्हणजे त्यांच्या मिस्टरांनी, कॅमेरा लावलेला होता, मिलमध्ये बसून मोबाइलवर बघता यायचं. शोभाताईंनी त्यांना फोन करून बोलावून घेतलं आणि आम्ही चौघांनी खाली हॉलमध्ये बसून त्या दुपारचं रेकॉर्डिंग पाहिलं.

बाथरूममध्ये जायला तो पॅसेज सोडून दुसरी वाट नाही. दुपारी दीडपासून मी येईपर्यंत त्या दारातून मुख्तारभाईंशिवाय कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही. फाटकावरचा माणूसही तेच म्हणाला. रेकॉर्डिंगमध्ये एकदा मुख्तारभाई बाहेर येतात, जारमधून ग्लासभर पाणी घेतात, ग्लास नीट दोन्ही हातांत धरून आत जातात — आपण मोठ्या माणसाला देतो तसा. थोड्या वेळानं रिकामा ग्लास घेऊन बाहेर येतात. बस्, एवढंच.

साहेब म्हणाले, “उन्हाचं होते असं कधीकधी. डोकं गरम होते.”

मुख्तारभाई सोफ्यावर न बसता खाली टाइल्सच्या खोक्यावर बसले होते. मग म्हणाले, “साहेब, मी तीस साल झाले उन्हातच काम करून राहिलो.”

शोभाताई उठल्या आणि आतून फ्रेम घेऊन आल्या. सासूबाईंचा फोटो. तो त्यांनी मुख्तारभाईंपुढे धरला.

“ह्या होत्या का?”

“नाही बाई. ह्याही नाही.”

शोभाताईंनी फ्रेम उलटी करून मांडीवर ठेवली. “नऊ वर्षांत त्यांनी कधी काही मागितलं नाही हो...” एवढंच म्हणाल्या. कोणाला उद्देशून म्हणाल्या कोण जाणे. मला तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. मी बसले नाही. बाजूच्या भिंतीचा पेंट एका ठिकाणी फुगला होता, त्याच्याकडे पाहत राहिले.

हँडल काढायचंच, असं ठरलं. पण ग्रॅनाइटला चार भोकं पडली होती. त्या रंगाचा स्लॅब दुकानदाराकडे संपला होता आणि पुन्हा केव्हा येईल ते तो सांगेना. शेवटी शोभाताई कंटाळून म्हणाल्या, “राहू द्या. वरून टॉवेल टाकत जाईन.”

काम जूनमध्ये संपलं. त्यांनी घरी जेवायला बोलावलं, मी काहीतरी कारण सांगून गेले नाही.

डिसेंबरात एका सकाळी साहेबांचा फोन आला. आवाज दमलेला होता. आदल्या दिवशी ते स्टीम घ्यायला बसले होते. नुकतीच ब्लडप्रेशरची गोळी बदललेली. चक्कर आली आणि ते बाकावरून घसरून खाली बसले.

“पायात जीवच नव्हता मॅडम. आवाज देतो म्हटलं तं आवाज निघेना. सगळी वाफच वाफ. हात टाकला बाजूले अन् ते तुमचं हँडल सापडलं. त्याले धरून दारापोत सरकलो अन् लात मारली. शोभानं खालून काच वाजल्याचं ऐकलं.” थोडं थांबून ते म्हणाले, “डॉक्टर म्हणे अजून दहा मिनटं आत राहता तं कठीण होतं. मले फक्त सांगायचं होतं तुमाले.”

मी म्हटलं, “बरं झालं, साहेब. काळजी घ्या.” फोन ठेवला. समोर कॅटलॉग उघडा होता, त्यातून एका क्लायंटसाठी वॉश बेसिन निवडलं. मग ऑफिस बंद करून सरळ चांदूरला गेले.

बाबा अंगणात पेपर वाचत होते. त्यांना मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी विचारलं, “आईच्या ओळखीत अशी कोणी होती का? माहेरची, शेजारची? हनुवटीवर गोंदलेली, फाटक्या पाळीची?”

बाबांनी खरोखर आठवून पाहिलं. नातेवाइकांची नावं एकेक करून पुटपुटले.

“नाही बाई. अशी कोणीच नव्हती आपल्यात.”

मुख्तारभाई अजून माझ्याकडेच काम करतात. त्या दुपारचा विषय ते काढत नाहीत. एकदा मीच विचारलं तेव्हा म्हणाले, “खरी होती मॅडम. पाणी पेली ती. माह्या समोर.” ते खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत. शोभाताईंनी दोन-तीन जुन्या शेजाऱ्यांना विचारलं, त्या जागेवर आधी कोणाचं घर होतं, शेत होतं का. काही हाती लागलं नाही. त्या बाईला माझ्याबद्दल कुठून कळलं, तिनं मुख्तारभाईंनाच का गाठलं, कॅमेऱ्यात ती का नाही... मला माहीत नाही. कुणाला असं काही माहीत असेल तर जरूर लिहा. नुसतं “पितर असतील” असं मात्र लिहू नका, कारण शोभाताई आणि मी, आमच्या दोघींपैकी कुणाचीच ती कोणी नव्हती.

ती आली, हे मी आता मानते. मानायला त्रासही होत नाही. मला फक्त एवढंच समजत नाही, की ज्यांना नको होतं त्यांच्याकडे ती आली. आई वर्षभर मागत होती, तेव्हा आमच्या घरी कुणीच का आलं नाही.