खिडकीची जागा

पंचवटीहून दिंडोरीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मी आणि एक नर्सबाई रोज एकाच बाकावर बसायचो. खिडकी त्यांची. एकदा एका बाईला मळमळत होतं, तेव्हाही त्यांनी खिडकी दिली नाही, पिशवी दिली. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "सरका जरा," एवढंच.

गेल्या महिन्यात एके दिवशी मला बघून त्या उठल्या. "आज खिडकीत तुम्ही बसा."

"का हो सिस्टर, बरं नाही का?"

"बरी आहे. आज रिटायर होतेय. इतकी वर्षं द्राक्षबागाच बघितल्या. शेजारी कोण बसतं, ते आज बघते."

दिंडोरी येईपर्यंत त्यांनी माझं घर, मुली, गुडघेदुखी, सगळं विचारून घेतलं. उतरताना म्हणाल्या, "चांगल्या आहात हो. उशीरच झाला जरा."